ऐकणं आणि ऐकून घेणं : मदिनेतल्या काही घरांची गोष्ट

मराठीत ‘ऐकणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. एक कानाने ऐकणे आणि दुसरा सांगितलं तसं वागणे. ‘पोरगं ऐकत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा त्याच्या कानात काही दोष आहे असं कुणी समजत नाही. लग्न झालं की या शब्दाची वाटणी होते. ‘नवऱ्याचं ऐक’ हा मुलीला पाठवणीच्या वेळी दिलेला उपदेश असतो. ‘तो बायकोचं ऐकतो’ ही मात्र नवऱ्याची बदनामी असते. त्यासाठी मराठीत ‘बाईलबुद्ध्या’ हा शब्द आहे आणि आपल्या घरांतल्या दखनीत ‘जोरू का गुलाम’. नवऱ्याचं न ऐकणाऱ्या बायकोला दूषण देणारे शब्द पुष्कळ आहेत. बायकोचं ऐकूनच न घेणाऱ्या नवऱ्याला काय म्हणायचं, यासाठी मला एकही शब्द सापडलेला नाही.

ही केवळ भाषेची गंमत असती तर सोडून दिली असती. पण मुस्लिम समाजात या समजुतीला धर्माचा आधार असल्याचं सांगितलं जातं. ‘बायकांचा सल्ला घ्या आणि त्याच्या उलट करा’ अशा आशयाचं एक वचन हदीस म्हणून आजही सर्रास ऐकवलं जातं. पंधराव्या शतकातले हदीस-समीक्षक सखावी यांनी हे वचन प्रेषितांपर्यंत पोहोचत नाही, असं नोंदवून ठेवलं आहे. पण खोटं वचन सोयीचं असलं की ते खऱ्यापेक्षा जास्त दिवस जगतं. म्हणून वचनांचा वाद बाजूला ठेवून मी इतिहासाकडे जायचं ठरवलं. सातव्या शतकातल्या मक्का-मदिनेच्या घरांत नवरा-बायको एकमेकांशी कसं बोलत होते? कोण ऐकत होतं आणि ऐकल्यावर पुढे काय होत होतं?

याची माहिती आपल्याकडे आहे, ही मुळात मोठी नवलाची गोष्ट. त्या काळातल्या बहुतेक समाजांच्या इतिहासात लढाया, तह आणि वंशावळी सापडतात. माजघरातलं बोलणं सापडत नाही. इथे ते सापडतं, कारण ते सांगणाऱ्या स्त्रिया होत्या. एकट्या हजरत आयेशांच्या नावावर परंपरेने २,२१० हदीस मोजल्या जातात. त्यांतल्या कितीतरी घरातल्या बोलण्याच्या आहेत.

हिराहून परतल्यावर

इ.स. ६१०. प्रेषित मुहम्मद (स.) हिराच्या गुहेतून घरी परतले ते थरथरत. मला पांघरूण घाला, एवढंच ते म्हणाले. हजरत खदीजांनी पांघरूण घातलं. भीती ओसरेपर्यंत थांबल्या. मग प्रेषितांनी जे घडलं ते सगळं सांगितलं आणि आपल्याला स्वतःविषयीच भीती वाटते आहे, हेही सांगितलं.

खदीजा मक्केतल्या नामांकित व्यापारी होत्या. लग्नाआधी प्रेषितांनी त्यांचाच माल घेऊन सीरियाकडे प्रवास केला होता. लग्नाची मागणीही त्यांच्याकडूनच गेली होती. माणसं पारखणं हा त्यांच्या रोजच्या व्यवहाराचा भाग होता. नवऱ्याचं ऐकून घेतल्यावर त्यांनी ‘उगाच घाबरू नका’ असं म्हणून विषय संपवला नाही. ईश्वर तुमची फजिती करणार नाही, असं त्या ठामपणे म्हणाल्या आणि मग कारणं दिली. तुम्ही नातेवाइकांना धरून राहता, दुबळ्यांचा भार उचलता, गरिबाला कमावून देता, पाहुण्याचा मान राखता, अडचणीतल्याच्या मदतीला जाता. पंधराएक वर्षांच्या संसारात त्यांनी पाहिलेलं हे सगळं होतं. त्यानंतर त्या त्यांना आपले वृद्ध चुलतभाऊ वरका बिन नौफल यांच्याकडे घेऊन गेल्या, कारण वरकांना आधीच्या धर्मग्रंथांची माहिती होती.

यातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी पांघरूण, मग वाट पाहणं, मग ऐकणं, मग धीर आणि शेवटी जाणत्या माणसाकडे नेणं. समोरचा माणूस कापत असताना त्यांनी प्रश्नांची सरबत्ती केली नाही. जे आपल्याला कळत नाही ते कळत असल्याचा आवही आणला नाही. इस्लामच्या इतिहासातलं पहिलं संभाषण मशिदीत किंवा मैदानात झालेलं नाही. ते एका घरात, नवरा-बायकोत झालं. ज्या ऐकण्यावर पुढचा सगळा इतिहास उभा राहिला, ते एका बायकोचं ऐकणं होतं.

उमरांच्या घरी उलट उत्तर

दुसरं घर हजरत उमरांचं. त्यांचा कडक स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे. बुखारीच्या संग्रहात त्यांनीच सांगितलेली एक दीर्घ हकिकत आहे. त्यांच्या सांगण्याचा आशय असा की, आम्ही कुरैश मक्केत बायकांवर वर्चस्व ठेवून होतो. मदिनेत आलो तर इथल्या अन्सारांच्या घरात बायकांचं वजन जास्त. आमच्या बायका त्यांचं पाहून शिकू लागल्या. एक दिवस उमर बायकोवर रागावले, तर तिने उलट उत्तर दिलं. ते त्यांना सहन झालं नाही. त्यावर ती म्हणाली की, यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? प्रेषितांच्या पत्नीही त्यांना उत्तर देतात आणि कधी एखादी दिवसभर, रात्रीपर्यंत त्यांच्याशी अबोला धरते.

उमर हादरले. त्यांची मुलगी हफ्सा प्रेषितांच्या पत्नींपैकी एक होती. ते तडक तिच्याकडे गेले आणि हे खरं आहे का, असं विचारलं. तिने खरं असल्याचं सांगितलं. उमरांनी तिला बजावलं. पुढे प्रेषितांनी पत्नींपासून महिनाभर दूर राहायचं ठरवलं आणि ते माडीवरच्या खोलीत एकटे राहू लागले, तेव्हा उमर त्यांना भेटायला गेले. मक्का आणि मदिनेतल्या बायकांमधला हा फरक त्यांनी त्यांना सांगितला. त्यावर प्रेषित हसले.

इतिहासाच्या अभ्यासकाला ही हकिकत फार मोलाची आहे. नवरा-बायकोचं नातं कसं असावं, हे आभाळातून ठरून आलेलं नसतं. ते गावागणिक वेगळं असतं, हे इथे स्वतः उमर सांगत आहेत. मक्का व्यापाऱ्यांचं शहर, मदिना खजुरांच्या बागांचं आणि शेतीचं. दोन गावांच्या रीती वेगळ्या. स्थलांतर झालं आणि वीस-पंचवीस वर्षं गप्प राहिलेल्या बायका बोलू लागल्या. आज आपण ज्याला ‘आपली संस्कृती’ म्हणून बायकोच्या तोंडाला कुलूप घालतो, ती मक्केच्या जुन्या सरदारांची रीत आहे. मदिनेच्या घरातली रीत वेगळी होती, आणि प्रेषितांच्या घरात मदिनेची रीत चालत होती.

या प्रसंगाचा शेवट तर अगदी घरगुती आहे. प्रेषित माडीवरून उतरले ते एकोणतिसाव्या दिवशी. आयेशांनी लगेच विचारलं की, तुम्ही महिन्याची शपथ घेतली होती, मी दिवस मोजते आहे, आज तर एकोणतीसच झाले! त्यावर हा महिना एकोणतीस दिवसांचाच आहे, असं उत्तर मिळालं. एवढ्या ताणानंतरचं हे बोलणं. अबोल्याचे दिवस कुणी मोजत होतं, हे त्यातून कळतं.

अकरा बायका आणि एक श्रोता

हदीसच्या संग्रहांमध्ये ‘उम्मे जरअ’ची एक लांबलचक गोष्ट आहे. ती सांगतात आयेशा, आणि ऐकतात प्रेषित. अकरा बायका एकत्र बसल्या आणि आपापल्या नवऱ्याविषयी काहीही लपवायचं नाही, असा करार त्यांनी केला. मग एकेक जण बोलू लागली.

पहिलीचा नवरा डोंगरमाथ्यावर ठेवलेल्या रोडक्या उंटाच्या मांसासारखा होता. चढण सोपी नाही आणि वर जाऊन आणावं असं मांसही नाही. तिसरीची कोंडी अशी की बोलली तर तलाक आणि गप्प राहिली तर नुसती लटकत राहायचं. पाचवीचा नवरा घरात चित्त्यासारखा येतो, बाहेर सिंहासारखा वावरतो आणि घरात काय होतं-नव्हतं याची चौकशी करत नाही. यात तारीफ आहे की तक्रार, यावर जुन्या भाष्यकारांनीही खल केला आहे. सहावीचा नवरा जेवायला बसला की सगळं फस्त करतो, झोपताना एकटाच पांघरुणात गुरफटून घेतो आणि तिचं दुःख काय आहे हे कळावं म्हणून हातसुद्धा पुढे करत नाही. काहींनी तारीफही केली. अकरावी उम्मे जरअ. तिच्या नवऱ्याने, म्हणजे अबू जरअने, तिला दागिन्यांनी मढवलं, थोड्या मेंढ्यांवर गुजराण करणाऱ्या घरातून घोडे-उंटांच्या घरात आणलं. पण तिच्या बोलण्यातली खरी अभिमानाची जागा वेगळी आहे. त्याच्या घरात मी बोलत असे आणि माझ्या बोलण्याला कुणी नावं ठेवत नसे, असं ती सांगते. पुढे त्याने दुसरीसाठी तिला सोडलं. तिने नंतर एका श्रीमंत, दिलदार माणसाशी लग्न केलं, त्याने भरभरून दिलं. तरी ते सगळं एकत्र केलं तर अबू जरअच्या घरातलं लहानातलं लहान भांडंही भरणार नाही, असं तिला वाटत राहिलं.

ही गोष्ट मी अनेकदा वाचली आहे. दर वेळी जाणवतं ते हे की, या बायकांची मुख्य तक्रार मारझोडीची किंवा गरिबीची नाही. ‘बोलता येत नाही’, ‘विचारत नाही’, ‘हात पुढे करत नाही’, अशा तक्रारी आहेत. सुखाची व्याख्याही तशीच : मी बोलले आणि माझा पाणउतारा झाला नाही. चौदाशे वर्षांपूर्वीच्या अरबस्तानातल्या या तक्रारी आपल्याकडच्या कुठल्याही मोहल्ल्यात दुपारी ओट्यावर बसलेल्या बायकांच्या तोंडी जशाच्या तशा ऐकू येतील.

आणि ऐकणारा कोण? ज्याच्यावर एका नव्या समाजाचा सगळा भार आहे असा माणूस. अकरा अनोळखी बायकांच्या संसाराची ही लांबण ते मध्ये न तोडता ऐकून घेतात. शेवटी आयेशांना सांगतात की, अबू जरअ उम्मे जरअसाठी जसा होता तसा मी तुझ्यासाठी आहे. काही पाठांत पुढे असंही येतं की, फरक एवढाच, त्याने सोडलं, मी सोडणार नाही. म्हणजे गोष्ट नुसती कानावरून गेलेली नाही. गोष्टीतली दुखरी जागा कोणती, हे ऐकणाऱ्याला नेमकं कळलं होतं. बुखारींनी ही हदीस विवाहाच्या भागात, घरच्यांशी चांगल्या सहवासाच्या प्रकरणात ठेवली. बाराव्या शतकात काझी इयाज यांनी या एका गोष्टीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बायकांच्या गप्पा म्हणून ती कुणी टाकून दिली नाही.

असंच आणखी एक छोटं बोलणं. प्रेषित एकदा आयेशांना म्हणाले की, तू माझ्यावर खूश आहेस की नाराज, हे मला कळतं. कसं काय? खूश असलीस की शपथ घेताना मुहम्मदचा ईश्वर म्हणतेस, नाराज असलीस की इब्राहिमचा ईश्वर म्हणतेस. आयेशांनी ते कबूल केलं आणि वर सांगितलं की, मी सोडते ते फक्त तुमचं नाव. रोजच्या बोलण्यातला एक शब्द बदलला, तेवढ्यावरून राग ओळखणं, हे ऐकण्याचं फार बारीक काम आहे. आणि तो राग ‘तुला राग येतोच कसा’ असं न म्हणता हसत स्वीकारणं हे त्याहून अवघड.

हुदैबियाच्या तंबूत

घरातलं ऐकणं घरातच राहत नाही, याचा पुरावा इ.स. ६२८ मध्ये मिळतो. सुमारे १,४०० सोबती घेऊन प्रेषित उमरा करायला निघाले होते. कुरैशांनी हुदैबियात अडवलं. तह झाला, पण त्याच्या अटी सोबत्यांना अपमानाच्या वाटल्या. कुर्बानी करा आणि मुंडण करा, असं प्रेषितांनी तीनदा सांगितलं. कुणी उठलं नाही. ज्यांनी कधी शब्द खाली पडू दिला नव्हता, ते लोक बसून राहिले.

प्रेषित तंबूत गेले आणि हजरत उम्मे सलमांना घडलेलं सांगितलं. त्यांनी सल्ला दिला की, बाहेर जा, कुणाशी एक शब्दही बोलू नका, आपल्या जनावराची कुर्बानी करा आणि न्हाव्याला बोलावून मुंडण करून घ्या. प्रेषितांनी तसंच केलं. ते पाहून लोक उठले आणि एकमेकांचं मुंडण करू लागले. एक मोठा पेच अर्ध्या घटकेत सुटला.

‘बायकांचा सल्ला घ्या आणि उलट करा’ म्हणणाऱ्यांसमोर हा एक प्रसंग ठेवला तरी पुरे. शिवाय कुरआनमध्ये सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत मुलाचं दूध कधी तोडायचं, हे आई-बापाने परस्पर संमतीने आणि सल्लामसलतीने ठरवावं असं येतं. तिथला अरबी शब्द ‘तशावुर’ आणि राज्यकारभारातला ‘शूरा’ हे एकाच धातूपासून आले आहेत. पाळण्यातल्या मुलाच्या दुधाचा प्रश्नही दोघांनी बोलून सोडवायचा, तर मुलीचं लग्न, घराचं कर्ज, परदेशातली नोकरी हे निर्णय एकट्याने कसे होतील?

जिचं घरात ऐकलं नाही ती

सगळीच घरं अशी नव्हती. खौला बिन्ते सअलबांचे पती औस बिन सामित वयाने थकलेले आणि तापट. एकदा रागाच्या भरात ते बोलून गेले की, तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी आहेस. जुन्या अरबी रिवाजात या एका वाक्याने संसार संपत असे. याला ‘जिहार’ म्हणत. बायकोला काही बोलायची सोयच नव्हती.

खौला प्रेषितांकडे गेल्या आणि वाद घालू लागल्या. मी त्याच्याबरोबर तारुण्य घालवलं, त्याची मुलं वाढवली, आता मी कुठे जाऊ? आयेशा त्याच खोलीत होत्या; त्या सांगतात की, काही शब्द मलाही ऐकू आले नाहीत इतक्या हळू आवाजात ती बोलत होती. त्यावर कुरआनची ५८ वी सूरह उतरली. तिचं नावच ‘मुजादिला’, म्हणजे वाद घालणारी. तिच्या पहिल्या आयतीत ‘ऐकणे’ या अर्थाचा धातू तीनदा येतो. त्या दोघांच्या बोलण्यासाठी वापरलेला शब्द आहे ‘तहावुर’, म्हणजे परस्परांत झालेलं बोलणं. आपल्याकडचा ‘मुहावरा’ त्याच धातूचा. जिहारने नातं तुटत नाही, आणि तसं बोलणाऱ्याने गुलाम मुक्त करावा, ते जमत नसेल तर सलग दोन महिने रोजे ठेवावेत, तेही जमत नसेल तर साठ गरिबांना जेवू घालावं, असा निर्णय झाला. जे वाक्य एका दमात बोललं गेलं त्याची किंमत एवढी ठरली.

तफसीरच्या ग्रंथांत याचा पुढचा भागही सांगितला जातो. हजरत उमर खलिफा असताना एका म्हातारीने त्यांना रस्त्यात थांबवलं आणि बराच वेळ सुनावलं. बरोबरची माणसं कुरकुरली. ही खौला आहे, जिचं बोलणं सात आकाशांच्या वर ऐकलं गेलं, मग उमरने का ऐकू नये, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. बायकोने उलट उत्तर दिलं म्हणून चिडणारा माणूस एका म्हातारीपुढे रस्त्यात उभा राहून ऐकायला शिकला होता. ऐकणं शिकता येतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि आपण

आपल्याकडे तोंडी तिहेरी तलाक हेही एका दमात बोललेलं वाक्यच होतं. त्यात समोरच्या माणसाचं ऐकण्याची गरजच नव्हती. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईच्या विधिमंडळावर गेले. त्यांच्या सगळ्या मतांशी आपण सहमत असू वा नसू, पण त्या दिवशी बायका स्वतःचं दुःख स्वतः मांडायला रस्त्यावर आल्या, ही गोष्ट खौलाच्या परंपरेतली होती. मेहरुन्निसा दलवाईंचं ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन वाचलं की, त्या चळवळीच्या मागे नवरा-बायकोचं किती बोलणं, भांडणं आणि ऐकणं होतं, हे लक्षात येतं. पुढे २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. २०१९ मध्ये कायदाही आला.

पण कायदा फार तर एखादं वाक्य अडवू शकतो. तो कुणाला ऐकायला लावू शकत नाही. जमातीच्या काही बैठकांना मी बसलो आहे. नवरा-बायकोच्या तंट्यात नवरा स्वतः बोलतो. बायकोची बाजू मात्र तिचा भाऊ किंवा मामा मांडतो. ती आतल्या खोलीत बसलेली असते. तिला बाहेर बोलवा म्हटलं तर बाईमाणसाने चारचौघांत काय बोलायचं, असं उत्तर येतं. निकाहच्या दिवशी मात्र याच मुलीचा होकार ऐकायला वकील आणि दोन साक्षीदार तिच्याजवळ जातात. तिच्या होकाराशिवाय निकाह होत नाही. ज्या धर्मात संसाराची सुरुवात बायकोचा आवाज ऐकून होते, त्या धर्माच्या नावावर पुढची चाळीस वर्षं तो आवाज बंद ठेवणं हे कोणत्या शरीअतमध्ये बसतं?

आपण सुन्नतची चर्चा करतो तेव्हा दाढी, मिस्वाक, उजव्या हाताने जेवणं याविषयी भरभरून बोलतो. ते करावंच. आयेशांनी आणखी एक सवय सांगितली आहे. पहाटेच्या दोन रकअत सुन्नत झाल्या की प्रेषित, त्या जाग्या असतील तर, जमातच्या नमाजला बोलावणं येईपर्यंत त्यांच्याशी बोलत बसत. या सुन्नतला खर्च नाही, वेगळा वेश नाही आणि ती पाळताना कुणाला दिसतही नाही. कदाचित म्हणूनच तिची आठवण कुणी करून देत नाही. उद्या पहाटे मोबाइल बाजूला ठेवून घरातल्या माणसाला ‘बोल’ एवढं म्हणून पाहायला हरकत नाही. मात्र त्यानंतर काही वेळ गप्प बसावं लागेल.